सगळं पाहणारे आणि कुणालाच न दिसणारे: ‘गॉसफर्ड पार्क’ आणि इंग्लंडमधली वर्गांची उतरंड

पाऊस कोसळतोय. आडरस्त्यावर एक मोटार थांबते. मागच्या सीटवर उबदार कपड्यांत बसलेल्या काउंटेस ऑफ ट्रेंटम यांना थर्मासचं झाकण उघडत नाहीये. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली मेरी, त्यांची नवी दासी, भर पावसात खाली उतरते, मागच्या दाराशी येते आणि झाकण फिरवून देते. तेवढ्यात दुसरी मोटार येऊन थांबते. तिच्यातले पाहुणे चौकशी करतात, ओळखीपाळखी होतात. भिजत उभ्या असलेल्या मुलीची ओळख करून द्यावी असं कुणाच्याही मनात येत नाही.

रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘गॉसफर्ड पार्क’ (२००१) असा सुरू होतो. काळ आहे नोव्हेंबर १९३२. सर विल्यम मॅककॉर्डल यांच्या खेड्यातल्या प्रचंड हवेलीत शनिवार-रविवारसाठी पाहुणे जमतात. तितर-फेझंटची शिकार, मेजवान्या, पत्ते, गाणं असा बेत असतो आणि मध्येच यजमानाचा खून होतो. वरवर ही खुनाची गोष्ट आहे. पण पहिला तास-सव्वा तास खून होतच नाही, आणि झाल्यावरही ‘कुणी केला’ यात दिग्दर्शकाला फारसा रस दिसत नाही. तो आपल्याला दाखवत असतो की ही हवेली चालते कशी: कोण कुणाला काय म्हणतं, कोण कुठे बसतं, कुणाच्या पैशावर कोण जगतं.

आपल्याकडे पुष्कळ जणांनी हा चित्रपट अर्ध्यात सोडल्याचं मी ऐकलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. कारण समजण्यासारखं आहे. पहिल्या वीस मिनिटांत तीसेक माणसं अंगावर येतात, सगळी एकाच वेळी बोलतात, वर काउंटेस, लेडी, सर, लॉर्ड यांचा गुंता. त्या समाजाची घडण थोडी माहीत असेल तर हा गुंता आपोआप सुटतो आणि मग एकेक प्रसंग उलगडत जातो. म्हणून आधी ती घडण पाहू. पुढे खुन्याचं नावही येणार आहे. ते नको असेल त्यांनी आधी चित्रपट पाहून घ्यावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. ऑल्टमन आणि पटकथाकार ज्युलियन फेलोज यांनी या चित्रपटाला एक नियम घालून घेतला होता. वरच्या मजल्यावरचा प्रसंग दाखवायचा तो तिथे कुणीतरी नोकर हजर असेल तरच. मालकमंडळी एकटीच बसून बोलतायत आणि कॅमेरा तिथे पोचलाय, असं होत नाही. ट्रे घेऊन कुणी येतं, कुणी शेकोटीत कोळसा घालत असतं, कुणी मालकिणीचे केस विंचरत असतं, आणि त्यांच्यासोबत आपण आत शिरतो. ते बाहेर गेले की आपणही बाहेर. त्यामुळे भांडणाचा शेवट कधीकधी आपल्याला कळतच नाही, जसा तो त्या मोलकरणीलाही कळला नसता. माझ्या मते वर्गभेदाबद्दल या चित्रपटाला जे म्हणायचं आहे ते या एका नियमात आहे. त्या घरात वर कोण आणि खाली कोण हे ठरतं ते कुणाची दखल घेतली जाते आणि कुणाची नाही यावरून.

आता वरच्या मजल्याकडे वळू. आपण समजतो की वरचे म्हणजे श्रीमंत. इंग्लंडमध्ये मामला इतका सरळ कधीच नव्हता. तिथे उमराव घराण्यांच्या पाच पायऱ्या: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. अर्लची बायको ती काउंटेस. ही पदं वंशपरंपरेने, मुख्यतः थोरल्या मुलाकडे जायची. पदाबरोबर जमीनही थोरल्यालाच. धाकटे मुलगे सैन्यात, चर्चमध्ये किंवा वसाहतींमध्ये नोकरीला जायचे आणि मुलींची लग्नं करून दिली जायची. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून ही रीत टिकवली गेली, आणि त्यामुळेच शेकडो वर्षं त्याच घराण्यांकडे तीच गावं राहिली. ‘सर’ हा किताब या पाच पायऱ्यांच्या खालचा. तो मिळाला म्हणून कुणी उमराव होत नाही.

हे समजलं की सर विल्यमच्या बायकोचं नाव बोलू लागतं. तिला सगळे ‘लेडी सिल्व्हिया’ म्हणतात. ती केवळ एखाद्या ‘सर’ची बायको असती तर ‘लेडी मॅककॉर्डल’ झाली असती. पण ती अर्लची मुलगी आहे, त्यामुळे ‘लेडी’ हे तिच्या स्वतःच्या नावाला जन्मापासून चिकटलेलं आहे. नवरा कुणीही असो, ते सुटत नाही. तिला हाक मारताना प्रत्येक जण नकळत सांगत असतो की ही मुळात वरची आहे आणि नवरा खालचा. नवऱ्याचा पैसा कारखान्यांतून आलेला, आणि त्याच पैशावर हे सारं घर उभं आहे. या माणसाशी कुणी लग्न करायचं हे सिल्व्हिया आणि तिच्या बहिणीने पत्ते कापून ठरवलं होतं, असा एक उल्लेख चित्रपटात येतो. मायकल गॅम्बन यांनी सर विल्यम उभा केलाय तो कुत्र्याशी प्रेमाने आणि माणसांशी तुसडेपणाने वागणारा. क्रिस्टिन स्कॉट थॉमस यांची सिल्व्हिया त्याच्याकडे पाहते तेव्हा नजरेतून कंटाळा गळत असतो.

अर्लच्या मुलीला कारखानदाराशी लग्न करायची वेळ का आली? इथे थोडा इतिहास लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या तीन चतुर्थांशापर्यंत जमीन म्हणजे पैसा होता. कुळं खंड भरायची, त्यावर हवेल्या चालायच्या. १८७० नंतर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला स्वस्त गहू रेल्वे आणि आगबोटींनी इंग्लंडच्या बाजारात येऊ लागला. त्यापाठोपाठ शीतगृहं असलेल्या जहाजांतून न्यूझीलंड आणि अर्जेंटिनाचं मांस आलं. धान्याचे भाव पडले, खंड पडला, आणि जमीनदारांचं उत्पन्न आटलं. १८९४ मध्ये वारशावर नवा कर बसला. सुरुवातीला तो थोडा होता, पण पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, सर्वांत मोठ्या मालमत्तांवर तो ४० टक्क्यांपर्यंत गेला. मालक वारला की जमीन विकल्याशिवाय कर भरता येईना. त्या युद्धात कित्येक घराण्यांचे वारसही मेले होते. राजकीय ताकदही ओसरत होती. १९११ च्या कायद्याने लॉर्डांच्या सभागृहाचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा, कायदे कायमचे अडवण्याचा अधिकार गेला.

नाव मोठं आणि तिजोरी रिकामी, अशी अवस्था झाल्यावर जो मार्ग उरला तो लग्नाचा. १८९५ मध्ये मार्लबरोच्या ड्यूकने अमेरिकन रेल्वेसम्राटाच्या घराण्यातल्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केलं. त्या हुंड्यातून ब्लेनहिमचा राजवाडा सावरला गेला. ते लग्न सुखाचं झालं नाही. सिल्व्हियाचं लग्न हे त्याच व्यवहाराचं घरगुती रूप आहे.

त्यामुळे गॉसफर्ड पार्कच्या जेवणाच्या टेबलावर बसलेल्यांपैकी जवळपास प्रत्येकाचा हात सर विल्यमपुढे पसरलेला आहे. काउंटेस (मॅगी स्मिथ) सिल्व्हियाची आत्या आहे. दर्जाने ती तिथे बहुतेकांच्या वर, पण तिचा चरितार्थ सर विल्यम देतो त्या तनख्यावर चालतो, आणि तो बंद होईल या भीतीने ती आतून पोखरलेली आहे. सिल्व्हियाच्या दुसऱ्या बहिणीचा नवरा मेरेडिथ याला सुदानच्या सैनिकांना बूट पुरवण्याच्या धंद्यासाठी भांडवल हवंय, आणि सर विल्यम ऐनवेळी मागे सरतोय. खुनाचं कारण वरच्या प्रत्येकाकडे आहे. ते सगळे त्याला तुच्छ मानतात आणि त्याच्याच पैशावर जगतात.

यातला सर्वांत बोचरा धागा मेबल नेस्बिटचा. हातमोज्यांच्या कारखानदाराची ही मुलगी. फ्रेडी नेस्बिटने तिच्याशी पैशासाठी लग्न केलं आणि पैसा अपेक्षेइतका निघाला नाही. आता तो तिला चारचौघांत झिडकारतो. तिच्यासोबत स्वतःची दासी नाही, संध्याकाळचा चांगला पोशाख एकच आहे, आणि हे बायकांच्या नजरेतून सुटत नाही. काउंटेस तिच्या हिरव्या पोशाखाकडे पाहून रंगाबद्दल इतक्या मृदू आवाजात बोलते की मेबलला उत्तरही देता येत नाही. अशा समाजात अपमान आरडाओरडा करून होत नसतो. मुरंबा विकतचा आहे एवढंसं वाक्य काउंटेस न्याहारीच्या ट्रेवर बोलते, आणि त्यातून ती घरमालकाची लायकी काढते. घरचा मुरंबा म्हणजे स्वतःच्या बागेतली फळं आणि ती शिजवायला हाताशी माणसं. विकतचा म्हणजे फक्त पैसा.

आता खाली उतरू. चित्रपटाची खरी संपत्ती तळमजल्यावर आहे. १९३१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. बायकांसाठी एवढं मोठं दुसरं कामाचं क्षेत्र नव्हतं. बहुतेक जणी एखाद-दोन नोकर ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत एकट्याने राबायच्या. गॉसफर्ड पार्कसारखी मोठी हवेली म्हणजे नोकरांचंच एक गाव असायचं. त्या गावालाही वरचा आणि खालचा मजला होता. बटलर, हाउसकीपर, स्वयंपाकीण, मालकाचा खास चाकर आणि मालकिणीची खास दासी हे वरचे नोकर. फुटमन (जेवण वाढणारे, वरकामाचे पुरुष चाकर), झाडलोट करणाऱ्या मोलकरणी, स्वयंपाकघरातल्या मदतनीस पोरी आणि भांडी घासणारी हे खालचे. हाउसकीपर आणि स्वयंपाकीण यांना लग्न झालेलं असो वा नसो, ‘मिसेस’ म्हणायचं, कारण तो हुद्द्याचा मान. बटलरला मालक आडनावाने हाक मारणार, फुटमनला पहिल्या नावाने.

मेरी तिथे पोचते तेव्हा हाउसकीपर मिसेस विल्सन (हेलन मिरेन) तिला सांगते की गोंधळ नको म्हणून पाहुण्यांच्या नोकरांना इथे मालकांच्याच नावाने ओळखलं जातं. तेव्हापासून मेरी ‘मिस ट्रेंटम’. तिचं स्वतःचं आडनाव, मॅकेक्रन, दाराबाहेर राहतं. नोकरांच्या जेवणाला पंगत बसते तीही मालकांच्या दर्जानुसार. काउंटेसची दासी म्हणून या कोवळ्या, घाबरलेल्या मुलीला वर्षानुवर्षं काम केलेल्यांपेक्षा मानाची जागा मिळते. वरची उतरंड खाली जशीच्या तशी उतरली आहे, आणि ती खालचे लोक वरच्यांपेक्षा जास्त कसोशीने पाळतात. हे ऑल्टमन यांना नेमकं दिसलं. त्या काळात प्रत्यक्ष हवेल्यांत नोकरी केलेला एक बटलर, एक स्वयंपाकीण आणि एक मोलकरीण सल्लागार म्हणून सेटवर होते. सुरी आणि ग्लास यांत किती अंतर असावं, इथपर्यंतचा खरेपणा त्यातून आला असावा.

मराठी वाचकाला इथे जात आठवणं साहजिक आहे. जन्मावरून दर्जा, पंगतीतली जागा, नावाने हिणवणं, हे सगळं आपल्याला ओळखीचं. पण दोन्ही व्यवस्था एकच मानल्या तर चित्रपट हातून निसटतो. आपल्याकडे भिंत बांधली गेली ती स्पर्शाची आणि अन्नाची. एकाच्या हातचं पाणी दुसऱ्याला चालत नव्हतं. इंग्रज उमरावाच्या अंगाला नोकरांचे हात दिवसभर लागतात. चाकर त्याला कपडे चढवतो, दासी मालकिणीची पाठ चोळते, कामगारवर्गातल्या बाईने रांधलेलं सगळे जेवतात. विटाळ नावाची गोष्ट तिथे नाही. दुसरं असं की पैसा असेल तर एक-दोन पिढ्यांत वर चढता येतं; सर विल्यम चढलाच आहे, आणि त्याची मुलगी वरचीच म्हणून वाढली आहे. जातीतून असं बाहेर पडता येत नाही. नोव्हेंबर १९३२ मध्येच लंडनमध्ये तिसरी गोलमेज परिषद सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला हजर होते, आणि पुणे करार होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एकाच शहराच्या आसपास दोन वेगळ्या भिंतींचा विचार चालू होता.

इंग्रजी भिंत मग कशाची? ती आहे बोलण्याची आणि दखल घेण्याची. नोकराने खोलीत असावं, पण असल्याचं जाणवू देऊ नये. मालक त्याच्यासमोर कर्जं, व्यभिचार, भानगडी काहीही बोलतात, कारण त्यांच्या लेखी तिथे कुणी नसतंच. ही भिंत एकदाच उघड फुटते. रात्रीच्या जेवणाला वाढायला उभी असलेली एल्सी (एमिली वॉटसन) लेडी सिल्व्हिया नवऱ्याचा पाणउतारा करतेय हे ऐकून न राहवून त्याची बाजू घेते आणि त्याला ‘बिल’ म्हणून बसते. सारं टेबल गप्प होतं. त्यांचे संबंध असल्याचं बहुधा आधीच सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. मोलकरीण टेबलापाशी बोलली, हा गुन्हा ठरला. एल्सीची नोकरी जाते.

याच न पाहण्यामुळे खुनाचा तपास फसतो. इन्स्पेक्टर थॉम्पसन (स्टीफन फ्राय) नोकरांची चौकशी करायला तयारच नाही. मृताशी ज्यांचा खरा संबंध होता त्यांच्याशीच त्याला बोलायचंय. त्याचा हाताखालचा शिपाई पुरावे दाखवत राहतो, तोही वर्गाने खालचा, त्याचंही कुणी ऐकत नाही. आणि मृताशी सर्वांत खोल संबंध होता तो तळमजल्यावरच. सर विल्यमने तरुणपणी आपल्या कारखान्यांतल्या मुलींना नादी लावलं होतं. दिवस गेले की त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवायचा: मूल अनाथाश्रमात द्या किंवा काम सोडा. त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी. एकीने मूल ठेवलं, तिचं काम गेलं आणि मूलही दगावलं. ती आज या घरची स्वयंपाकीण, मिसेस क्रॉफ्ट. दुसरीने मूल दिलं. ती मिसेस विल्सन. दोघी एकाच छताखाली राबतात आणि एकमेकींशी धड बोलत नाहीत. दिलेलं मूल मोठं होऊन पाहुण्यांपैकी लॉर्ड स्टॉकब्रिजचा चाकर रॉबर्ट पार्क्स म्हणून त्याच घरात येतं, बापाचा जीव घेण्यासाठी. आईला ते उमगतं आणि मुलाचा सुरा पोचण्याआधी ती विष घालते, म्हणजे मुलाने भोसकलं ते प्रेत ठरावं.

मिसेस विल्सन मेरीला सांगते की चांगल्या नोकराचं लक्षण म्हणजे आधीच ओळखणं: मालकाला भूक लागायच्या आधी जेवण तयार हवं, झोप यायच्या आधी अंथरूण. तिने मुलाचा बेत ओळखला तो याच गुणावर. स्वतःला आयुष्यच नाही, असंही ती बोलून जाते. हेलन मिरेन हे इतक्या कोरड्या आवाजात बोलतात की अंगावर काटा येतो. आणि लक्षात घ्या, पार्क्सच्या अंगात सर विल्यमचं रक्त आहे. आईबापांचं लग्न झालं असतं तर तो वर जेवायला बसला असता. जन्मावर उभ्या असलेल्या व्यवस्थेने जन्मच नाकारून एका मुलाला खाली ढकललं, यापेक्षा तिच्यावरचा मोठा आरोप मला सुचत नाही.

ही भिंत खालूनही राखली जाते, हे हेन्री डेंटनच्या प्रकरणात दिसतं. तो अमेरिकन नट, भूमिकेच्या अभ्यासासाठी चाकर बनून आलेला. खरं उघड झाल्यावर तो मजेत वर पाहुणा म्हणून बसतो. नोकर त्याला माफ करत नाहीत. फुटमन जॉर्ज त्याच्या मांडीवर गरम कॉफी सांडतो. आपल्यात बसून आपलं ऐकून गेलेला हा माणूस हवं तेव्हा वर जाऊ शकत होता, हे त्यांना सहन होत नाही. मला त्यांचा राग पटतो.

पाहुण्यांतला आयव्हर नॉव्हेलो हे खऱ्या माणसावर बेतलेलं पात्र; हा गायक-नट त्या काळी खरोखरच लोकप्रिय होता. चित्रपटात तो पियानोवर गातो तेव्हा पाहुणे पत्ते खेळत जांभया देतात, आणि नोकर काम टाकून जिन्यात, दाराआड, अंधारात कान देऊन उभे राहतात. सिनेमातला नट हा खालच्यांचा देव होता आणि वरच्यांच्या लेखी करमणूक करणारा भाडोत्री. तो स्वतः कुठल्याच मजल्याचा नाही. खून होतो तो याच गाण्याच्या वेळी.

एक उणीव मात्र जाणवते. ऑक्टोबर १९३२ च्या अखेरीस बेकारांचा मोठा मोर्चा देशभरातून चालत लंडनच्या हाइड पार्कमध्ये पोचला होता. बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात होती. हवेलीबाहेरचं हे इंग्लंड चित्रपटात येत नाही. शिकारीत पक्षी उठवणारे गावकरीही ओझरते दिसतात. म्हणून पार्क्स आणि त्याच्या आईची गोष्ट इतकी मोलाची, कारण कारखाना चित्रपटात शिरतो तो तेवढ्याच वाटेने.

दुसऱ्या महायुद्धात मोलकरणी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या, त्या परत हवेल्यांत आल्या नाहीत. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या, काही संग्रहालयं झाल्या. पण उतरंडीची वरची टोकं शाबूत राहिली. या चित्रपटातल्या वरच्या मजल्याच्या काही खोल्या सायन हाउसमध्ये चित्रित झाल्या, आणि ते घर आजही नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या घराण्याचंच आहे. तळमजला मात्र शेपर्टनच्या स्टुडिओत नव्याने बांधावा लागला. जन्माच्या हक्काने लॉर्डांच्या सभागृहात बसण्याची रीत बहुतेकांपुरती बंद झाली ती १९९९ मध्ये, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या फक्त दोन वर्षं आधी. तेव्हाही ९२ जागा वारसाहक्काने आलेल्या उमरावांसाठी ठेवल्या गेल्या.